मुक्या जीवांची रोजनिशी

ज्याच्यावर आपली सत्ता चालते आणि ज्याला आपल्याविरुद्ध एक शब्दही बोलतां येत नाहीं, त्याचें आपण काय देणें लागतों, हा प्रश्न नीतिशास्त्रावरील ग्रंथांत क्वचितच आढळतो. परंतु सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन मुंबईच्या राणीच्या बागेंत गेलेल्या कोणत्याही गृहस्थापुढें तो अवचित येऊन उभा राहतो. पिंजऱ्यावरील पाटीवर प्राण्याचें नांव असतें, त्याचा मूळ देश असतो, त्याचें भक्ष्यही लिहिलेलें असतें. मूल तें सर्व वाचतें आणि विचारतें, "पण हा इथें आला कसा? ह्याची आई कुठें आहे?" ह्या प्रश्नाचें उत्तर पाटीवर नसतें. वडील मंडळी कांहींतरी सांगून वेळ मारून नेतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात.

मुलाचा हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. पाटी जातीविषयीं बोलत असते. मूल समोरच्या त्या एका जीवाविषयीं विचारीत असतें. त्या जीवाला कोणीं धरलें, कोणत्या दिवशीं आणलें, तो किती वर्षें जगला आणि कशानें मेला, हें कोणी कोठें लिहून ठेवलें आहे काय. आणि लिहून ठेवलें असल्यास त्या लिहिण्यानें बाळगणाऱ्याचें ओझें हलकें होतें कीं वाढतें, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. त्यासाठीं लंडन येथील प्राणिशास्त्रीय संस्थेचें उदाहरण घेतलें आहे. कारण जिवंत प्राणी बाळगण्याबरोबरच त्यांची रोजची नोंद ठेवण्याचें काम इतका दीर्घकाळ आणि इतक्या नेमानें करणाऱ्या संस्था जगांत थोड्याच आहेत.

राजेरजवाड्यांनीं श्वापदें बाळगण्याची चाल सर्व देशांत फार जुनी आहे. लंडनच्या टॉवर नामक किल्ल्यांत इंग्लंडच्या राजांचे सिंह शेंकडों वर्षें कोंडलेले असत. ते राजवैभवाचा एक भाग होते. त्यांच्याविषयीं राजाला जाब विचारणारा कोणी नव्हता. इ. स. १८२६ मध्यें सर स्टॅम्फर्ड रॅफल्स, सर हंफ्री डेव्ही प्रभृति गृहस्थांनीं जी संस्था काढली, तिनें मात्र निराळा हेतु जाहीर केला. प्राण्यांविषयींच्या ज्ञानाची वृद्धि हें तिचें ध्येय होतें. सिंगापूरची इंग्रजी वसाहत स्थापणारा रॅफल्स हा तिचा पहिला अध्यक्ष. तो त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत वारला, परंतु काम थांबलें नाहीं. ता. २७ एप्रिल १८२८ रोजीं रीजंट्स पार्कमधील बाग सभासदांकरितां उघडण्यांत आली. १८२९ सालीं चौथ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली, आणि पुढें टॉवरमधील राजाचे प्राणीही ह्याच बागेंत येऊन दाखल झाले. आरंभीं सभासद व त्यांची चिठ्ठी आणणारे लोक एवढ्यांनाच आंत प्रवेश असे. १८४७ पासून, मुख्यतः पैशाच्या अडचणीमुळें, सर्वसाधारण लोकांनाही पैसे भरून आंत जातां येऊं लागलें.

जो ज्ञानाचा दावा करतो त्यास लिहावें लागतें. बाग उघडली त्या वर्षापासूनच तेथें 'दैनंदिन घडामोडी' अशा अर्थाच्या नांवाची वही ठेवण्यांत येऊं लागली. त्या दिवशीं हवा कशी होती, कोणते प्राणी आले, कोणते गेले, कोण जन्मलें, कोण मेलें, प्रेक्षक किती आले, अशा प्रकारच्या नोंदी तींत होत गेल्या. ह्या वह्या संस्थेच्या दप्तरांत आजपर्यंत जपून ठेवलेल्या आहेत.

प्रथमदर्शनीं अशी वही एखाद्या पेढीच्या रोजकीर्दीसारखी वाटते. एका जीवाचा मृत्यु आणि फाटकांतून आंत आलेल्या माणसांची संख्या ह्या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच शाईनें लिहिलेल्या पाहून मन थोडें बिचकतें. संस्थेच्या कारभारांत पेढीचा अंश होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १८५० सालीं नाईल नदींतील एका बेटावर पकडलेलें पाणघोड्याचें पिल्लूं लंडनला आणण्यांत आलें. त्या बेटावरूनच त्याचें नांव ओबेश असें ठेवलें होतें. त्या वर्षीं प्रेक्षकांची संख्या आधल्या वर्षाच्या दुपटीच्या घरांत गेली. असा प्राणी संस्थेच्या खजिनदारास प्रिय वाटला असल्यास त्यांत नवल नाहीं.

परंतु हिशेबाची वही नेहमीं लोभाचेंच चिन्ह असते असें नाहीं. आमच्याकडे एखादा कुटुंबप्रमुख अकालीं वारला आणि मागें अज्ञान मुलें राहिलीं, तर कोर्ट त्यांच्या मिळकतीसाठीं पालक नेमतें व त्या पालकाकडून हिशेब मागतें. मुलाला हिशेब वाचतां येतो म्हणून कोर्ट तो मागत नाहीं. त्याला वाचतां येत नाहीं, म्हणूनच मागतें. जो स्वतः विचारूं शकतो त्याला तोंडीं सांगितलें तरी चालतें. ज्याला विचारतां येत नाहीं त्याच्यासाठीं लिहूनच ठेवलें पाहिजे, कारण त्याच्या वतीनें विचारणारा कदाचित् पन्नास वर्षांनीं जन्मास येणार असतो. प्राणी बाळगणाऱ्याची स्थिति ह्या पालकासारखीच आहे. भेद एवढाच कीं, ह्या पालकाची नेमणूक त्यानें स्वतःच केलेली असते आणि पाल्याचें पोरकेपणही पुष्कळदां त्यानेंच किंवा त्याच्यासाठीं कोणी घडवून आणलेलें असतें. ह्या भेदानें त्याची जबाबदारी वाढतेच.

अशा दृष्टीनें पाहिलें म्हणजे वहीला विचारावयाचे प्रश्न तीन ठरतात. हा जीव कोण आहे? तो कोठून व कोणत्या किंमतीनें आला? आणि त्याला काय होत होतें? लंडनच्या संस्थेनें पहिल्या प्रश्नाचें उत्तर उत्साहानें दिलें, दुसऱ्याचें अर्धवट दिलें, आणि तिसरा प्रश्न तिला फार उशिरां सुचला, असें आमचें मत आहे. तें कां, हें कांहीं उदाहरणांनीं दाखवितों.

'हा कोण' ह्या प्रश्नाच्या उत्तरांत आपल्या दख्खनचाही वांटा आहे. मुंबई सैन्यांतील विल्यम हेन्री साइक्स नांवाच्या अधिकाऱ्यास सरकारनें दख्खनची पाहणी करण्याच्या कामीं नेमलें होतें. त्या कामाबरोबर त्यानें येथील पशुपक्ष्यांचीही टिपणें केलीं, आणि १८३१-३२ सालीं तीं ह्या संस्थेच्या इतिवृत्तांत छापून आलीं. आपल्या रानांतील कोळसुंद्यास त्यानें शास्त्रीय लॅटिन नांव दिलें, त्यांत 'दख्खनचा' हा शब्द घातला, आणि मराठे लोक ह्या जनावरास काय म्हणतात तेंही नमूद केलें. मराठी मुलखांतील कोणा गांवकऱ्याच्या तोंडचा शब्द अशा रीतीनें लंडनच्या छापील पानांवर गेला. आज हा प्राणी आशियाखंडांत इतरत्र आढळणाऱ्या रानकुत्र्यांच्याच जातींतला मानतात. तरी त्याच्या येथील प्रकारास साइक्सनें दिलेलें विशेषण अद्याप चिकटून आहे. हें काम मोलाचें होतें, ह्यांत शंका नाहीं. ज्याला आपण नांवानें ओळखीत नाहीं त्याची काळजी कशी वाहणार? परंतु नांव माहीत असणें म्हणजे ओळख असणें नव्हे. आळींतील सर्व घरांवरच्या पाट्या पाठ असूनही शेजारच्या घरांत कोण आजारी आहे हें ठाऊक नसलेलीं माणसें आपण पाहतोंच.

नांव आणि ओळख ह्यांतील अंतर ज्या प्रसंगीं क्षणभर नाहींसें झालें, असा एक प्रसंग ह्याच बागेंत घडला. १८३७ च्या अखेरीस संस्थेनें एक वनमानुषी, म्हणजे ओरांगउटान जातीची लहान मादी, विकत घेतली. तिचें नांव जेनी ठेवलें होतें. पुढच्या वर्षीं मार्च महिन्यांत एकोणतीस वर्षांचा चार्ल्स डार्विन तिला पाहावयास गेला. रक्षकानें तिला सफरचंद दाखविलें आणि दिलें नाहीं. तेव्हां ती हट्टी मुलाप्रमाणें पाठीवर पडून हातपाय झाडूं व रडूं लागली. शहाणी झालीस तर देईन, असें रक्षकानें म्हटलें. तिनें प्रयत्नानें रडें आवरलें, आणि सफरचंद मिळतांच खुर्चींत बसून तें समाधानानें खाल्लें. ही हकीकत डार्विननें आपल्या बहिणीस पत्रांतून कळविली. मनुष्याचें मूळ व भावनांचा आविष्कार ह्यांवरील त्याचे ग्रंथ पुढें १८७१ व १८७२ सालीं प्रसिद्ध झाले. परंतु मनुष्य आणि इतर प्राणी ह्यांमधील भिंत आपण समजतों तितकी उंच नाहीं, हा विचार त्या तरुणाच्या टिपणवह्यांत जेनीला पाहिलें त्याच सुमारास दिसूं लागला होता. संग्रहांत 'ओरांगउटान, मादी, एक' एवढीच जिची किंमत होती, तिच्यांत त्यानें एक व्यक्ति पाहिली. ज्ञानाच्या बाजूनें बोलणाऱ्यांनीं ह्या प्रसंगाचा अभिमान अवश्य धरावा.

मात्र पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. जेनी १८३९ मध्यें मेली. त्यानंतर बागेंत दुसरी ओरांगउटान मादी आली, आणि तिचेंही नांव जेनीच ठेवण्यांत आलें. १८४२ सालीं व्हिक्टोरिया राणीनें पाहिली ती हीच. घरांतील मुलगी गेली आणि पुढें दुसरी झाली, तर आपल्याकडेही केव्हां केव्हां तेंच नांव ठेवतात. पण तें दुःखानें ठेवतात. येथें तें रिकाम्या झालेल्या जागेचें नांव होतें. एकदां जेनी हें पद झालें, कीं त्या पदावर कोण बसलें आहे हें पाहण्याचें कारण उरत नाहीं. डार्विनच्या डोळ्यांनीं जें अंतर ओलांडलें होतें, तें वहीच्या रूढीनें पुनः जसेंच्या तसें उभें केलें.

जागा भरून काढतां येते, ही समजूत किती महाग पडते हें क्वागाच्या उदाहरणावरून दिसतें. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेंतील झेब्र्याचा एक प्रकार. पुढच्या अर्ध्या अंगावर पट्टे आणि मागचें अंग तांबूस-करडें. १८५१ पासून १८७२ पर्यंत एक क्वागा घोडी लंडनच्या बागेंत होती. तिचीं कांहीं छायाचित्रें त्या काळांत घेण्यांत आलीं. जिवंत क्वागाचीं म्हणून सांगतां येतील अशीं जगांत तेवढींच छायाचित्रें आहेत. तीं पाहतांना अंगावर कांटा येतो. घोडी अंगणांत शांत उभी आहे. ती ज्या मुलखांतून आली तेथें तिच्या भाईबंदांची कत्तल चालू होती. वसाहतवाले त्यांना मांसासाठीं, कातड्यासाठीं व आपल्या मेंढरांचा चारा वांचविण्यासाठीं मारीत होते. ही घोडी मेली तेव्हां तिच्यासारखीं आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं असतील, असें कोणाच्या ध्यानींमनीं आलें नाहीं. ता. १२ ऑगस्ट १८८३ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत शेवटची क्वागा मेली, आणि ती शेवटची होती हेंही त्या वेळीं कोणास कळलें नाहीं. ह्याचें एक कारण असें कीं, केपकडील लोक सर्वच प्रकारच्या झेब्र्यांस क्वागा म्हणत. त्यामुळें खरी क्वागा संपली तरी त्या नांवाचें जनावर रानांत दिसतच होतें. नांव जिवंत होतें, म्हणून जीव नाहींसा झाल्याचें लक्षांत आलें नाहीं.

येथें संस्थेच्या नोंदींत चूक नव्हती. आगमनाचें वर्ष बरोबर आहे, मृत्यूचें वर्ष बरोबर आहे, छायाचित्र स्पष्ट आहे. उणीव होती ती लक्षाची. बाळगणाऱ्यास आपल्या अंगणांतील घोडी दिसत होती. तिच्यामागचा मुलूख दिसत नव्हता. 'कोठून आला' ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून देशाचें नांव लिहिलें, कीं प्रश्न संपला असें वाटत होतें. वास्तविक त्या प्रश्नाचा अर्थ, तेथें आतां काय चाललें आहे, असाही होतो.

तिसरा प्रश्न, म्हणजे त्या जीवाला काय होत होतें हा, जंबो नामक हत्तीच्या चरित्रांत सर्वांत तीव्रतेनें उभा राहतो. हा आफ्रिकेंतील हत्ती १८६५ सालीं पॅरिसच्या बागेंतून अदलाबदलीनें लंडनला आला. मॅथ्यू स्कॉट हा त्याचा रक्षक. जंबोनें कित्येक वर्षें मुलांना पाठीवर घेऊन बागेंत फिरविलें, आणि तो सर्व देशाचा लाडका झाला. दिवसां तो गरीब असे. रात्रीं मात्र आपल्या ठाणांत खवळून उठे, भिंतींवर धडका मारी, आपले सुळे मोडून घेई. बागेचा अधीक्षक बार्टलेट ह्याचा असा ग्रह झाला कीं, नर हत्ती वयांत आल्यावर मस्तीवर येतो त्यांतलाच हा प्रकार असून एखाद्या दिवशीं माणसाच्या जिवावर बेतेल. १८८२ सालीं संस्थेनें त्यास बार्नम नांवाच्या अमेरिकन सर्कसवाल्यास २,००० पौंडांना विकलें. देशभर ओरड झाली, मुलांनीं पत्रें लिहिलीं, संस्थेचे कांहीं सभासद कोर्टांतही गेले. परंतु व्यवहार फिरला नाहीं. ता. १५ सप्टेंबर १८८५ रोजीं कॅनडांतील सेंट टॉमस ह्या गांवीं आगगाडीची धडक बसून जंबो मेला.

त्याचा सांगाडा न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ठेवलेला आहे. शास्त्रज्ञांनीं त्याची नव्यानें तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१७ सालीं लोकांपुढें आले. जंबोच्या दाढा वेड्यावांकड्या वाढलेल्या आढळल्या. रानांतील हत्ती झाडांच्या फांद्या व सालीं चावतो. त्यामुळें दाढा झिजतात आणि मागच्या दाढा क्रमानें पुढें सरकतात. जंबोला मऊ वैरण मिळे. दाढा झिजल्या नाहींत आणि एकमेकींवर दाटल्या. रात्रीं प्रेक्षक गेल्यावर, एकांतांत, तो जो आक्रोश करी, तो दाढदुखीचा असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ज्याला दाढदुखीनें एक रात्र जागून काढावी लागली आहे, त्या वाचकास ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

बार्टलेट दुष्ट होता असें आम्ही म्हणत नाहीं. प्राण्यांच्या स्वभावाचा त्याचा अनुभव मोठा होता, आणि रात्रीं जें घडे तें त्यानें जसें पाहिलें तसेंच सांगितलें. पण त्याच्यापुढें प्रश्न होता तो असा, कीं ह्या हत्तीपासून आम्हांस धोका आहे काय. जसा प्रश्न तसें उत्तर. ह्याला कोठें दुखत आहे काय, हा प्रश्न केला असता तर कदाचित् निराळें उत्तर मिळालें असतें. जी गोष्ट जिवंतपणीं रक्षकाच्या वहींत उतरली नाहीं, ती सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं हाडांनीं सांगितली. मुक्याची साक्ष अशी फार उशिरां होते.

ह्या ठिकाणीं आम्हांस आपल्या मुंबईंतील एका संस्थेची आठवण होते. लंडनची बाग बाल्यावस्थेंत होती त्याच काळीं, १८३४ सालीं, शेठ मोतीशा व जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना झाली. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८३२ सालीं, रस्त्यांवरील कुत्रे सरकारी हुकमानें मारण्यावरून शहरांत दंगा झाला होता. एक जैन आणि एक पारशी अशा दोन धनिकांनीं ह्या कामीं एकत्र यावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लंडनच्या फाटकावर पहिला प्रश्न, हा कोण, हा असे. पांजरपोळाच्या दारांत पहिला प्रश्न, ह्याला काय झालें आहे, हा असे. लुळी गाय, म्हातारा बैल, भटका कुत्रा ह्यांना पाहावयास कोणी पैसे देऊन येत नाहीं, आणि विज्ञानास त्यांच्यापासून नवें नांव मिळत नाहीं. तरी त्यांना आसरा होता.

म्हणून पांजरपोळ श्रेष्ठ आणि बाग कनिष्ठ, असा सोपा निकाल मात्र आम्ही देणार नाहीं. जी दया तपास करीत नाहीं ती पुष्कळदां जनावरास केवळ मरूं न देण्यांतच समाधान मानते, आणि त्याच्या दाढेकडे तिचेंही लक्ष जात नाहीं. जंबोचें दुखणें अखेर उघडकीस आलें तें शास्त्रामुळेंच. ज्ञान आणि करुणा हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत. एक डोळा उघडा ठेवून दुसरा मिटला म्हणजे वस्तु दिसते, पण तिचें अंतर कळत नाहीं.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, आपण जुन्या चुका उगाळीत बसलां आहां. पण ह्याच बागांनीं आणि ह्याच नोंदींनीं कित्येक जाती वांचविल्या, त्याचें काय? हें खरें आहे. चीनमधील मीलू नांवाचें हरिण रानांत केव्हांच नामशेष झालें होतें. पेकिंगजवळील बादशाही शिकारबागेंत त्याचा कळप होता, तोही १९०० च्या सुमारास संपला. त्यापूर्वीं युरोपांत गेलेलीं थोडीं हरणें बेडफर्डच्या ड्यूकनें आपल्या वोबर्न येथील जमिनीवर एकत्र केलीं. हाच ड्यूक १८९९ पासून १९३६ पर्यंत लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचा अध्यक्ष होता. त्या कळपाच्या वंशजांपैकीं कांहीं हरणें १९८५ सालीं चीनला परत गेलीं. अरबस्तानांतील ओरिक्स हरिणाचीही कथा अशीच आहे. १९६० नंतर अमेरिकेंतील फीनिक्स येथें त्याचा कळप जमविण्यांत आला, त्यांत लंडनच्या बागेनें आपली एक मादी दिली. रानांतील शेवटचीं ओरिक्स १९७२ सालीं मारलीं गेलीं, आणि १९८२ सालीं ओमानमध्यें तीं पुनः मोकळीं सोडण्यांत आलीं. कोण कोणाचें अपत्य, कोण कधीं जन्मलें, हें लिहून ठेवल्यावांचून थोड्याशा प्राण्यांपासून निकोप वंश वाढवितां येत नाहीं. येथें वही अक्षरशः प्राणदात्री ठरली.

ह्या उपकाराचें मोल आम्ही कमी करीत नाहीं. परंतु त्यानें जुनी बाकी फिटते, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. फायदा झाला तो जातीला; नुकसान झालें तें एका जीवाचें. मीलू चीनला परत गेला म्हणून जंबोची दाढ दुखावयाची थांबली नाहीं. एका पाल्याच्या मिळकतींतून उचललेली रक्कम दुसऱ्या पाल्याच्या खात्यांत प्रामाणिकपणें जमा केली, तर पालक उदार ठरत नाहीं. पहिलें खातें तुटीचें तें तुटीचेंच राहतें. शिवाय ज्यांनीं क्वागा धरली त्यांच्या मनांत जाती वांचविण्याचा हेतु नव्हता. पुढें घडलेल्या चांगल्या गोष्टीचें पुण्य मागें नेऊन कोणाच्याही पदरांत घालतां येत नाहीं.

उलट पक्षीं, मग अशा सर्व बागा आजच बंद करा, असें म्हणणेंही आम्हांस सोपेपणाचें वाटतें. जो वाघ पिंजऱ्यांत जन्मला त्यास रानांत सोडणें म्हणजे त्याला मारणें होय. ऋण घेणाऱ्यानें दुकान बंद केलें म्हणजे ऋण फिटत नाहीं. करण्यासारखें आहे तें हेंच, कीं खातें उघडें ठेवावें आणि प्रत्येक वर्षीं त्याकडे लाजेनें कां होईना, पण पाहावें. लंडनच्या संस्थेनें असें केल्याचीं उदाहरणें आहेत. तिनें १९३१ सालीं व्हिप्स्नेड येथें विस्तीर्ण जागा उघडली. २००१ सालीं लंडनच्या बागेंत एक रक्षक हत्तीकडून चिरडला जाऊन मेला. त्यानंतर तेथील हत्ती व्हिप्स्नेडला हलविण्यांत आले, आणि शहराच्या मध्यभागीं हत्ती ठेवण्याची दीडशें वर्षांहून जुनी चाल संपली. उशीर झाला हें खरें. पण ज्या घरांत जुनें दप्तर जाळून टाकलें आहे, त्या घरांत उशीर झाला एवढेंही कळत नाहीं.

आमच्या मतें नोंदीचें नैतिक मोल येथें आहे. ती ठेवणाऱ्यास निर्दोष ठरवीत नाहीं. ती त्याला जाब देण्याच्या जागीं उभें करते. १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध सुरू होतांच लंडनची बाग कांहीं दिवस बंद झाली, आणि बाँब पडून पिंजरे फुटले तर विषारी सर्प शहरांत शिरतील ह्या भीतीनें ते मारण्यांत आले. तो निर्णय कदाचित् अपरिहार्य होता. परंतु दुसऱ्या देशांतून, आपल्या इच्छेविरुद्ध आणलेल्या त्या जीवांचा माणसांच्या भांडणाशीं काडीचाही संबंध नव्हता. हें लिहून ठेवलें गेलें, म्हणून आज तें आपल्याला टोंचूं शकतें. न लिहिलेलें पाप टोंचत नाहीं.

हा विचार केवळ प्राण्यांपुरताच आहे असेंही नाहीं. प्रत्येक घरांत केव्हां तरी एखादें तान्हें मूल असतें, केव्हां तरी वाचा गेलेला एखादा वृद्ध असतो. त्यांच्यावर आपली सत्ता चालते आणि त्यांना तक्रार करतां येत नाहीं. मूल रात्रीं रडलें म्हणजे तें किरकिरें आहे, आणि म्हातारा चिडला म्हणजे तो हेकट आहे, अशी नोंद आपण मनांतल्या मनांत करून मोकळे होतों. त्याला कोठें दुखत आहे काय, हें विचारावयाचें राहून जातें. आपण सारेच थोडेबहुत बार्टलेट आहों.

शेवटीं आमची सूचना अगदीं लहान आहे. पिंजऱ्यावरील पाटीवर जातीचें नांव, देश आणि भक्ष्य ह्यांच्या जोडीला आणखी दोन ओळी असाव्या: हा प्राणी येथें कोणत्या वर्षीं व कोठून आला, अथवा येथेंच जन्मला असल्यास त्याचे आईबाप कोण. ही माहिती बहुतेक ठिकाणीं कचेरींतल्या वहींत असतेच. ती पिंजऱ्यापर्यंत आणावयाची एवढेंच. तिच्यानें प्राण्याचें दुःख कमी होणार नाहीं. पण मुलानें विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर वडील माणसास देतां येईल, आणि तें देतांना त्याला थोडें थांबावें लागेल. पुढच्या पिंजऱ्याकडे वळण्यापूर्वीं तेवढें थांबणें हा त्या मुक्या जीवाचा हक्कच आहे.